हिरवे वाढले, म्हणजे नेमके काय वाढले?

भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच मोरा बंदराजवळ येते तेव्हा ओहोटी असेल, तर पाण्यापेक्षा चिखलच अधिक दिसतो. गाळ इतका साठलेला असतो की पाणी फार उतरले की लाँच धक्क्याला लावता येत नाही, फेऱ्या थांबवाव्या लागतात. उरणकरांना याचे नवल राहिलेले नाही. मागच्या हिवाळ्यात तिथे शिक्षकांच्या एका छोट्या बैठकीला गेलो, तोही भरतीची वेळ साधूनच. विषय मीच सुचवला होता : ध्रुवप्रदेशातील नाजूक वनस्पतींचे ड्रोनच्या साहाय्याने केलेले मोजमाप. चित्रे दाखवून झाली, चहा झाला, आणि मग एका शिक्षिकेने विचारले, "सर, जिथे माणूस राहत नाही तिथली शेवाळी एवढ्या निगुतीने मोजतात. मग आमच्या खाडीतली तिवरं ड्रोननं का मोजत नाहीत? दरवर्षी कुणी म्हणतं वाढली, कुणी म्हणतं तोडली. एकदा मोजून टाकली की वाद मिटेल."

"हो, मोजता येतील," असे सांगून मी मोकळा झालो. परतीच्या लाँचमध्ये ते उत्तर टोचू लागले. मोजता येतील हे खरे. वाद मिटेल हे खरे नाही. ड्रोनने काढलेल्या सुंदर चित्रांनी आम्हा संशोधकांचीही थोडी दिशाभूल केली आहे, आणि वर्तमानपत्रांची तर पुष्कळच. पुढचा मजकूर म्हणजे त्या घाईच्या उत्तराची दुरुस्ती आहे.

ध्रुवावर ड्रोन का हवा, हे आधी पाहू. अंटार्क्टिकात झाडे नाहीत. बर्फ वितळून उघड्या पडलेल्या खडकांवर, वितळपाण्याच्या ओघळांच्या कडेने मॉस वाढते. आपल्याकडे पावसाळ्यात कुंपणाच्या भिंतीवर जी मखमल येते तिचीच ही भावंडे. शिवाय दगडफुले असतात. गोड्या मसाल्यातले दगडफूल वर्गात दाखवून हा धडा सुरू करता येईल. तिथले मॉस वर्षाला मिलिमीटर-दोन मिलिमीटर, कधी त्याहूनही कमी वाढते. त्यावर एकदा बूट पडला, की ठसा वर्षानुवर्षे राहतो. म्हणजे ज्याची पाहणी करायची ते पाहणीनेच मोडते. ऑस्ट्रेलियाच्या केसी केंद्राजवळ मॉसचे असे गालिचे आहेत. त्यांतील काही भाग अंटार्क्टिक कराराखाली विशेष संरक्षित आहे आणि परवान्याशिवाय तिथे पाऊल टाकता येत नाही. चार-आठ पंख्यांचे हलके यंत्र वरून फिरवणे अशा ठिकाणी शहाणपणाचेच आहे. तेही मनमानी नव्हे. पेंग्विन आणि स्कुआ पक्षी ड्रोनने बिथरतात, म्हणून त्याच्या वापराचे मार्गदर्शक नियम करार-राष्ट्रांनी ठरवले आहेत.

दुसरे कारण बारकाव्याचे. लँडसॅट उपग्रहाच्या चित्रातील एक चित्रबिंदू, म्हणजे पिक्सेल, जमिनीवरचा ३० मीटर लांब-रुंद चौकोन दाखवतो. ड्रोनचे गणित दहावीच्या समरूप त्रिकोणांचे आहे. संवेदकावरील एका बिंदूची रुंदी २.४ मायक्रॉन, भिंगाचे नाभीय अंतर ८.८ मिलिमीटर आणि उंची ५० मीटर धरली, तर जमिनीवरचा सुमारे १.४ सेंटिमीटरचा चौकोन एका बिंदूत येतो. दोन सेंटिमीटर धरून चाललो तरी लँडसॅटच्या एका चौकोनात ड्रोनचे १५०० गुणिले १५००, म्हणजे साडेबावीस लाख चौकोन बसतात. मुलांना हा आकडा स्वतः काढू द्यावा.

इथवर सगळे ठीक आहे. माझी तक्रार पुढच्या पायरीबद्दल आहे. या चौकोनांतून आपण एकच प्रश्न विचारतो : हिरवा आहे की नाही?

हिरवेपणा मोजण्याची रूढ रीत अशी. हरितद्रव्य तांबडा प्रकाश शोषते, तर पानाची पेशीरचना अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परतवते. म्हणून परावर्तित अवरक्तातून तांबडा वजा करायचा आणि दोहोंच्या बेरजेने भागायचे. समजा, निरोगी मॉस ५० टक्के अवरक्त आणि ८ टक्के तांबडा परतवते. निर्देशांक आला ०.७२. उघडा खडक ३० आणि २५ टक्के परतवतो, निर्देशांक ०.०९. आता उपग्रहाचा एक चौकोन घ्या, ज्याचा पाव भाग मॉसने व्यापला आहे आणि बाकी खडक आहे. सरासरी काढून पाहा, निर्देशांक सुमारे ०.२६ येतो. काही वर्षांनी मॉस अर्ध्या चौकोनावर पसरले, निर्देशांक ०.४२. 'वनस्पती आहे' म्हणण्याची सीमारेषा आपण ०.३ वर आखली असेल तर काय होईल? पहिल्या नकाशात त्या चौकोनाचे क्षेत्र शून्य, दुसऱ्यात एकदम ९०० चौरस मीटर. प्रत्यक्षात मॉस २२५ वरून ४५० चौरस मीटर झाले, म्हणजे दुप्पट. नकाशावर मात्र ते शून्यातून उगवले. (हे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, पद्धत खरी आहे.)

२०२४ साली 'नेचर जिओसायन्स' या नियतकालिकात लँडसॅटच्या जुन्या-नव्या चित्रांवरून केलेला एक अभ्यास आला. अंटार्क्टिक द्वीपकल्पावरील वनस्पतींचे क्षेत्र १९८६ मध्ये ०.८६ चौरस किलोमीटर होते, ते २०२१ मध्ये ११.९५ चौरस किलोमीटर झाले, असा त्याचा निष्कर्ष. अभ्यास काळजीपूर्वक केलेला आहे आणि वाढीची दिशा मला खरी वाटते. तो प्रदेश झपाट्याने तापतो आहे, हे इतर मार्गांनीही माहीत आहे. पण 'चौदापट' हा शब्द जसाच्या तसा बातमीत उचलला जातो, तेव्हा वरचे गणित आठवावे. सीमारेषा ओलांडणाऱ्या चौकोनांची संख्या आणि जमिनीवर पसरलेले मॉस या दोन गोष्टी एकाच वेगाने वाढत नाहीत. उपग्रहाच्या चौकोनात ड्रोनचे साडेबावीस लाख चौकोन घालून पाहिले तर या दोहोंतला फरक मोजता येतो. कॅनडाच्या उत्तर किनाऱ्याजवळ किकिक्तारुक, म्हणजेच हर्शेल बेटावर आयला मायर्स-स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके हेच केले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात दिसले, की टुंड्रातील हिरवेपणा हातभर-मीटरभर अंतरावर बदलतो आणि उपग्रहाच्या चौकोनात ती सगळी विविधता सपाट होते. ड्रोनचा हा उपयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो. तो उपग्रहाची परीक्षा घेतो.

पण ड्रोनची परीक्षा कोण घेणार?

केसी केंद्राजवळच्या मॉसची गोष्ट या प्रश्नासाठी सांगण्यासारखी आहे. शॅरन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० सालापासून तिथले ठरावीक छोटे चौकोन पुन्हा पुन्हा तपासले, अगदी गुडघ्यावर बसून. २०१८ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. प्रदेश कोरडा होत चालला आहे. ओझोनचे छिद्र आणि हवामानबदल यांमुळे वाऱ्यांचे पट्टे सरकले, त्याचा हा परिणाम. पाणी कमी पडले की मॉस संरक्षक रंगद्रव्ये तयार करते आणि हिरव्याचे तांबूस होते; ताण फार झाला तर करडे होऊन मरू लागते. हा रंगबदल ड्रोनला उत्तम दिसेल. पण त्याच काळात आणखी एक बदल झाला, आणि तो अधिक गंभीर आहे. ओल सहन करणारे, फक्त अंटार्क्टिकात आढळणारे शिस्टिडियम अंटार्क्टिसी मागे हटले आणि कोरडेपणाला सरावलेल्या दोन जाती, ज्या जगात इतरत्रही मुबलक आहेत, त्यांची जागा घेऊ लागल्या. समजा, उद्या एखाद्या गालिच्यातले सगळे शिस्टिडियम गेले आणि तेवढ्याच जागेवर दुसरे हिरवे मॉस आले. हिरव्या क्षेत्राच्या तक्त्यात बदल शून्य. जगात दुसरीकडे कुठेही नसलेले काहीतरी त्या जागेवरून नाहीसे झाले, आणि तक्ता म्हणतो सारे आलबेल.

यावर उपाय म्हणून आता शेकडो अरुंद रंगपट्ट्यांत पाहणारे कॅमेरे ड्रोनवर बसवतात आणि मॉस व दगडफुले ओळखायला संगणकाला शिकवतात. केसीजवळच्या संरक्षित भागातील असे काम २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. काळी, करडी, नारिंगी दगडफुले साध्या हिरवेपणाच्या निर्देशांकातून बहुतांशी निसटतात, ती यात सापडू लागली. ही खरी प्रगती आहे. तरीही संगणकाला शिकवण्यासाठी 'हे अमुक, हे तमुक' अशा चिठ्ठ्या लावाव्या लागतात आणि त्या चिठ्ठ्या लावतो भिंग घेऊन जमिनीवर वाकलेला माणूस. त्याने जी जात ओळखलीच नाही ती संगणक जन्मात ओळखणार नाही. आपल्याच भारती केंद्राचे उदाहरण घ्या. अंटार्क्टिकातील लार्समान टेकड्यांवरच्या या भारतीय केंद्राजवळ २०१७ मध्ये गोळा केलेल्या मॉसमधून नवी जात निघाली. पंजाबच्या केंद्रीय विद्यापीठातील संशोधकांनी डीएनए तपासून २०२१ मध्ये ती जाहीर केली आणि नाव दिले ब्रायम भारतिएन्सिस. वरून पाहणाऱ्या यंत्राला तो एक हिरवा ठिपका होता, शेजारच्या ठिपक्यासारखाच.

मग ड्रोनकडे मागायचे काय? माझे उत्तर : रंग कमी, उंचसखलपणा जास्त. एकाच जागेची अनेक कोनांतून घेतलेली छायाचित्रे जुळवली की जमिनीचा त्रिमित आराखडा तयार होतो. आपले दोन डोळे खोली ओळखतात तेच तत्त्व. टास्मानिया विद्यापीठातील आर्को लुसियर यांच्या गटाने केसीजवळच्या मॉसचा असा आराखडा काही सेंटिमीटरांच्या बारकाव्याने केला आणि बर्फाचे वितळपाणी कुठून कुठे वाहील ते संगणकावर काढले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात पाण्याची वाट आणि मॉसचे आरोग्य यांचा बऱ्यापैकी मेळ बसला. रंगाचा नकाशा फार तर सांगतो, की मॉस आजारी आहे. पाण्याचा नकाशा का, ते सांगू लागतो. एका उड्डाणातून दोन्ही निघतात, पण बातमी नेहमी पहिल्याची होते.

आता मोऱ्याच्या चिखलात परत येऊ, कारण पाण्याच्या वाटेचा प्रश्न इथेही तोच आहे. तिवराचे मूळ खाऱ्या चिखलात गुदमरू नये म्हणून पेन्सिलीसारखी श्वसनमुळे वर येतात. दिवसातून दोनदा भरती यावी आणि दोनदा ओसरावी, यावर सगळा संसार. भराव टाकला, रस्त्याखालची मोरी बुजली, की बांधाच्या आतल्या तिवरांना कोणी कुऱ्हाड न लावताही ती सुकतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम आदेशाने आणि सप्टेंबर २०१८ मध्ये अंतिम निकालाने खारफुटीला संरक्षण दिले, भोवती ५० मीटरांचा पट्टाही मोकळा ठेवायला सांगितले. कुऱ्हाड दिसते, तिच्यावर खटला भरता येतो. बुजलेली मोरी कोणत्याही हिरव्या नकाशात दिसत नाही.

आणि हिरवे नकाशे तर आपल्याकडे दर दोन वर्षांनी येतात. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालात महाराष्ट्राची खारफुटी २०१५ मध्ये २२२ चौरस किलोमीटर होती, २०१७ मध्ये ३०४, २०२१ मध्ये ३२४. पुढच्या, म्हणजे २०२३ च्या अहवालात ती ३१५.०९ आहे, आणि तोच अहवाल म्हणतो की २०२१ च्या तुलनेत १२.३९ चौरस किलोमीटर वाढ झाली! ३२४ वरून ३१५ ही वाढ कशी? मागच्या वेळचे आकडे नंतर सुधारून घेतले जातात आणि तुलना सुधारित आकड्याशी होते, म्हणून. यात लबाडी नाही. मोजमाप सुधारले की असे होतेच. पण आकडा नऊने उतरला म्हणून ओरड करणारा आणि बाराने चढला म्हणून पाठ थोपटणारा, दोघेही एकाच पुस्तकातून वाचत असतात. शिक्षिकेने सांगितलेला वाद तो हाच.

शिवाय ती निव्वळ बेरीज-वजाबाकी आहे. गाळ साचून नवा उथळ चिखल तयार झाला की त्यावर तिवराची रोपे धरतात. ठाणे खाडीत हे मोठ्या प्रमाणावर झाले आहे. म्हणजे खाडीच्या बाजूला तिवर पुढे सरकते, बांधाच्या आत जुने तिवर सुकते, आणि बेरीज जवळपास तेवढीच राहते. उघडा चिखल झाकला गेला, तिथे उतरणाऱ्या पाणपक्ष्यांची आणि निवट्या-कालवे काढणाऱ्या बायकांची जागा गेली, याचा रकानाच तक्त्यात नाही. शिस्टिडियमची जागा दुसऱ्या मॉसने घ्यावी तसेच हे आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने २७ फेब्रुवारी २०१५ रोजी उरण-पनवेल परिसरातील १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी १९ लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला होता. अशा प्रकरणांत मुळाशी प्रश्न हाच असतो, की आधी इथे काय होते आणि पाणी कुठवर येत होते. 'हिरवे एकूण किती' या आकड्यातून त्याचे उत्तर निघत नाही.

मग केसीसारखा उंचीचा नकाशा इथेही करावा? करावा, पण मॉस आणि तिवर यांतला फरक ध्यानात ठेवून. मॉसचा पृष्ठभाग हीच जवळजवळ जमीन असते. तिवराच्या दाट पर्णभाराखाली चिखल झाकला जातो. छायाचित्रांतून मिळते ती शेंड्यांची उंची. ओला चिखल चकाकतो, त्यावर जुळवायला खुणा सापडत नाहीत आणि आराखड्यात खोटे खड्डे-उंचवटे येतात. लेसर किरण टाकणारे उपकरण फांद्यांच्या फटींतून थोडे खाली पोचते, पण ते महाग आहे.

भरती-ओहोटीचे तर मी स्वतः भोगले आहे. काही वर्षांपूर्वी रायगड जिल्ह्यातल्याच एका खाडीकाठी आम्ही दोन उड्डाणे केली, मध्ये काही महिन्यांचे अंतर ठेवून. संगणकाने हिरवे क्षेत्र चांगलेच वाढल्याचे दाखवले. तक्ता घेऊन मी मोठ्या खुशीत काठावर गेलो, तर जाळे विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या कोळ्याने चित्र पाहून सांगितले, "साहेब, हे तिवर न्हाय, शेवाल हाय." पहिले उड्डाण भांगाच्या दिवसांत, पाणी बरेचसे आत असताना झाले होते; दुसरे उधाणानंतरच्या खोल ओहोटीत. दूरवर उघड्या पडलेल्या चिखलावर शैवालाचा पातळ हिरवट थर होता आणि यंत्राने तोही झाडोऱ्यात धरला होता. पंचांग पाहायची अक्कल त्याला होती, मला नव्हती.

वर्गातही हे दाखवता येते, आणि त्याला ड्रोन लागत नाही. पावसाळा सरताना भिंतीवरचे मॉस सुकून तपकिरी होते. त्याच्या हातभर चौकोनाचे छायाचित्र घ्या, मग पाणी शिंपडा आणि काही मिनिटांनी पुन्हा घ्या. मॉस तेवढेच, जागा तीच, हिरवे मात्र कितीतरी अधिक. छायाचित्रावर चौकटी आखून दोन्ही वेळा हिरव्या चौकटी मोजायला लावा आणि विचारा, काय वाढले? खरा ड्रोन उडवण्याच्या फंदात शाळांनी परस्पर पडू नये. २०२१ च्या ड्रोन नियमांनी आकाशाचे लाल, पिवळे, हिरवे पट्टे पाडले आहेत आणि उरण तालुक्यात नौदल आहे, बंदर आहे. उड्डाणापूर्वी परवानगीचा नकाशा पाहावाच लागतो.

हे सारे मी त्या शिक्षिकेला नंतर पत्राने कळवले. गावाबाहेरच्या एका बांधाच्या आत आणि बाहेर दोन बांबू रोवावेत, त्यांवर वीत-वीत अंतरावर रंगाच्या खुणा कराव्यात, दर उधाणाला पाण्याची ओल कुठवर चढली ते मुलांनी तारीख-वेळेसह लिहावे, आणि जुन्या माणसांना विचारून पूर्वी पाणी कुठवर येई तिथे दगड ठेवावा, असे सुचवले. ड्रोनचे चित्र कधी मिळालेच तर या खुणांवर ते पडताळता येईल. परवा त्यांचे उत्तर आले. पहिल्याच उधाणाला बाहेरच्या बांबूवर ओल मुलांच्या कमरेइतकी चढली, आतल्या बांबूवर घोट्याइतकी. मोरी कुठे आहे ते मुले आता शोधत आहेत. ती गवतात कुठेतरी असावी, असे गावातले लोक सांगतात.